साडेछत्तीस अंशांची रेघ

पुंगोल,
सिंगापूर, १३ जुलै २०२५

चि. मैत्रेयी,

अनेक आशीर्वाद. व्हॉट्सअ‍ॅप सोडून मामा ईमेलवर साग्रसंगीत पत्र लिहितोय म्हणजे काम आहे, हे तू ओळखलं असशीलच.

आमच्या पुंगोल-सेंगकांग मराठी कट्ट्यानं यंदा 'जगाला वळण देणारे वाद' अशी व्याख्यानमाला काढली आहे. विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. निशिकांतला आलं 'चहा की कॉफी', आणि मला आली अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीची चाळीस वर्षं. नवे प्रदेश, गुलामगिरी, संसदेतली भांडणं, सगळं लचांड. पण माझी सख्खी भाची क्लेमेंटीत बसून नेमकी त्याच चाळीस वर्षांवर पीएचडी करते आहे आणि दर रविवारी आमच्याकडे जेवून डबा भरून नेते आहे, म्हटल्यावर मी निर्धास्त.

वीस मिनिटं, दहा स्लाइड्स, तारीख १७ ऑगस्ट. सिद्धान्त माझा तयार आहे, तू फक्त माहिती दे. सिद्धान्त असा: ते तडजोड करणारे राजकारणी उगाच बदनाम झाले. दोन टोकाची माणसं चाळीस वर्षं एका टेबलावर बसवून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं बँकेचा आयटी प्रोजेक्ट चालवला आहे त्यालाच कळेल.

घरी क्षेम. निशिकांतच्या बायकोच्या, संजीवनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे आमची सुमार्नी सध्या बुधवार-शुक्रवार निशिकांतकडे सेंगकांगला कामाला जाते, आणि शनिवारी कट्ट्यातल्या अनिमेषच्या नव्या फ्लॅटवर. ती काही नाही म्हणत नाही. सहा वर्षं झाली, मेड म्हणायला जीभ रेटत नाही, घरचीच झाली आहे. जावातल्या खेड्यातली बाई उकडीच्या मोदकाला एकवीस कळ्या पाडते, तुझ्या विनीतामामीपेक्षा सुबक. हे विनीताला बोलू नकोस.

माहिती लवकर पाठव. मुद्दे सुटसुटीत हवेत.

तुझा
शैलूमामा


क्लेमेंटी,
१६ जुलै

शैलूमामा,

नमस्कार. तुझा सिद्धान्त माझ्या गाइडला सांगितला तर त्यांना खुर्ची धरावी लागेल. कट्ट्याला चालेल.

पहिली स्लाइड: १८२०. मिसुरीला राज्य व्हायचं होतं, आणि गुलाम ठेवणारं राज्य व्हायचं होतं. सेनेटमध्ये दोन्ही बाजू तेव्हा बरोबरीत. मग मेन नावाचं एक राज्य गुलामगिरीशिवाय आत घेऊन तोल सांभाळला, आणि पश्चिमेच्या उरलेल्या मुलखावर साडेछत्तीस अंशांवर एक रेघ ओढली. रेघेच्या खाली गुलाम चालतील, वर चालणार नाहीत. सगळे एकमेकांची पाठ थोपटून घरी गेले.

एक लक्षात ठेव. गुलामगिरी असावी की नसावी, हे सेनेटच्या त्या दालनातलं भांडण बहुतेकांच्या लेखी नव्हतंच. जिथे आहे तिथे राहू दे, नव्या मुलखात न्यायची की नाही, एवढंच. आणि देशाला तर मुलखाची भूक सुटली होती. मेक्सिकोचा अर्धा देश घशात घातला की पुन्हा तोच वाद. मालक म्हणायचे, माणूस माझ्या मालकीचा आहे, मी जाईन तिथे तो माझाच राहणार.

आणि हे दहाही स्लाइड्सवर मोठ्या अक्षरांत लिही: ज्यांच्या आयुष्यावर तडजोड चालली होती, त्यांच्यापैकी एकालाही त्या दालनात बोलायला जागा नव्हती. कोणी आत असलाच तर पाण्याचे पेले भरायला असेल.

मुलूख वाढवण्यावरून आठवलं. सुमार्नीच्या कामाच्या परवान्यावर तुझ्या घराचा पत्ता आहे. त्यात सेंगकांग नाही, अनिमेषचा फ्लॅट नाही. तिला दुसऱ्यांच्या घरी राबायला पाठवणं या देशाच्या नियमात बसत नाही. गुलामगिरीशी तुलना मी करत नाहीये, उगाच अंगावर येऊ नकोस. ती माणसं बाजारात विकली जात होती, त्यांची लेकरं तोडून नेली जात होती. त्यांचं दुःख आपल्या मोदकांशेजारी ठेवणं मला जमणार नाही. मी फक्त नकाशाबद्दल बोलते आहे.

दुसरं. रविवारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. ३० ऑगस्ट. एकच मुलगी आहे, आणि ही इकडे आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पंधरा दिवस जायचंय, पण तुला विचारायची भीती वाटते म्हणाली. विचारलं की हो म्हण. एवढं साधं आहे.

मैत्रेयी


पुंगोल,
२७ जुलै

चि. मैत्रेयी,

माहिती उत्तम. 'घशात घातला' वगैरे काढून 'संपादन केला' असं घेतलं आहे. प्रेक्षकांत अमेरिकन कंपन्यांत नोकरी करणारे बरेच असतात.

सुमार्नीनं विचारलं. हो म्हणणं साधं आहे, असं तुला वाटणारच, तुझ्या घरी गणपती नसतो. सत्तावीसला गणपती, एकतीसला गौरी, दर्शनाला अख्खं पुंगोल. मोदकांचा शब्द मी चार घरांना देऊन बसलो आहे. निशिकांतकडे तर त्याचे बॉस येणार आहेत.

तरीही मी काही पाषाणहृदयी नाही. पहिल्या स्लाइडला जागून मी तडजोड काढली. लग्न आमच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लाइव्ह बघायचं. आम्ही सगळे सोबत बसू, मी नवा कुर्ता घालीन. आणि ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे सुट्टी. पंधरा दिवस मागितले, मी एकवीस दिले. कोण देतं गं?

आणि मनमानी नको म्हणून रात्री जेवणाच्या टेबलावर चक्क मतदान घेतलं. मी, विनीता, निशिकांत, संजीवनी आणि अनिमेष तडजोडीच्या बाजूनं. विरोधात एकटी कस्तुरी, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत. "पापा, दिस वन नॉट फेअर. हर ओन डॉटर, मस्ट गो लाह!" अकरा वर्षांच्या पोरीला गौरीचं काय कळणार? पाच विरुद्ध एक. सुमार्नीला बोलावून निर्णय सांगितला. "ओके सर," म्हणाली आणि कांदा चिरायला गेली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं.

परवान्यावरच्या पत्त्याचं म्हणशील, तर ती मदत आहे, काम नाही. तिला आमच्याकडे काय कमी आहे? स्वतंत्र खोली आहे. हो, ती इथल्या नव्या फ्लॅटना असते त्या बॉम्ब शेल्टरची आहे आणि तिला खिडकी नाही; पण उद्या बॉम्ब पडला तर अख्ख्या घरात तीच वाचणार आहे. तिचा पासपोर्टसुद्धा मी माझ्या कपाटात, गणपतीच्या चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवतो. याहून मान काय द्यायचा?

पुढच्या स्लाइडसाठी १८५४ चं पाठव.

शैलूमामा


क्लेमेंटी,
३० जुलै

शैलूमामा,

१८५४ पाठवायची गरजच उरली नाही, ते तू घरी करून दाखवलं आहेस. तरी रीतसर लिहिते.

कॅन्सस आणि नेब्रास्का हे दोन नवे प्रदेश. दोन्ही जुन्या रेघेच्या वर, म्हणजे तिथे गुलामगिरी नको असं चौतीस वर्षांपूर्वी ठरलेलं. पण इलिनॉयच्या एका सेनेटरनं डोकं लढवलं: रेघ पुसू, तिथे राहणाऱ्यांनाच मत देऊ दे. लोकशाही! आता यात वाईट काय, असं सगळ्यांना वाटलं. मतदानाच्या दिवशी शेजारच्या मिसुरीतून माणसं झुंडीनं, बंदुका घेऊन आली, मतं टाकली आणि संध्याकाळी आपापल्या घरी परत गेली. मतदारांच्या दुप्पट मतं पडली. पुढे कॅन्ससमध्ये मुडदे पडले.

आता तुझं मतदान बघू. निशिकांत, संजीवनी आणि अनिमेष पुंगोलच्या या घरात कधीपासून राहायला लागले? आपापल्या घरून येऊन, जेवून, मत टाकून गेले ना? बंदुका नव्हत्या, डबे होते, एवढाच फरक. आणि जिच्या मुलीचं लग्न, तिला मत होतं का? का तिनं फक्त पोळ्या वाढल्या?

थट्टा बाजूला ठेवून सांगते, मामा. कामाच्या बाईचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं हा सिंगापुरात गुन्हा आहे. तो मान नाही. चांदीच्या भांड्यांशेजारीच काय, देवाच्या हातात ठेवलास तरी गुन्हाच. तो तिला दे. आणि तिला जाऊ दे. तिच्या लेकीनं सहा वर्षं आई फोनच्या काचेत बघितली आहे, लग्नातही तेच करायला लावू नकोस.

मैत्रेयी


पुंगोल,
१८ ऑगस्ट

चि. मैत्रेयी,

अठरा दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुझा उद्धटपणा तुझ्या आईलाही कळवावा लागला असता. असो.

काल व्याख्यान झालं. हॉल भरला होता. शेवटच्या स्लाइडवर 'युद्ध टाळणारे खरे वीर' असं लिहिलं, टाळ्या पडल्या. उर्मिलाताईंनी प्रश्न विचारला, त्या गुलामांना कुणी विचारलं होतं का? मी सांगितलं, तो आजच्या विषयाच्या कक्षेबाहेरचा भाग आहे. मग सुमार्नीनं सगळ्यांना बटाटेवडे आणि चहा दिला. वडे फार वाखाणले गेले. तिचा सुट्टीचा रविवार होता, पण आली बिचारी.

तू वेगळ्या पाठवलेल्या टिपणांतली एक गोष्ट मात्र मी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. उत्तरेतले सज्जन लोक गुलामगिरीविरुद्ध भाषणं ठोकायचे, आणि अंगात घालायचे तो कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. त्यांच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या. बरोबर ना? तर बाईसाहेब, दर रविवारी आमच्याकडून जो डबा क्लेमेंटीला जातो, त्यातली भरली वांगी कोण करतं? तू खोली बदललीस तेव्हा जुनी खोली दिवसभर कुणी घासली? तेव्हा परवान्यावरचा पत्ता वाचल्याचं आठवत नाही.

शुक्रवारी तिनं लग्नाचं पुन्हा काढलं, तेही पाहुण्यांसमोर. माझा आवाज जरा चढला. हा विषय संपला आहे, एवढंच म्हणालो. आता तूही संपव.

शैलूमामा


पुंगोल,
२१ ऑगस्ट, दुपारी

मैत्रेयी,

सुमार्नी सकाळी नारळ आणि तांदळाची पिठी आणायला टेक्का मार्केटला गेली, ती अजून आलेली नाही. फोन बंद. विनीता घाबरली आहे, कस्तुरी जेवत नाही. तुझ्याकडे आली असली तर तिला ताबडतोब टॅक्सीत बसवून इकडे पाठव. हा घरचा मामला आहे आणि तू घरची आहेस. बाहेर कुठे बोलू नकोस.

मामा


क्लेमेंटी,
२१ ऑगस्ट, संध्याकाळी

शैलूमामा,

आली आहे. नारळांच्या पिशव्यांसकट आली आहे. माझ्या ब्लॉकखालच्या बाकावर बसून होती. वर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलली असेल? "मिस, फ्रिजमध्ये जागा आहे? नारळ खराब होतील." ते तुझे नारळ, मामा.

आधी माझ्या डब्याबद्दल. खरं आहे. वांगी मी चाटून पुसून खाल्ली आणि खोली घासून घेतली. तू नेम बरोबर धरलास आणि मला लागलं. पण मी दोषी ठरल्यानं तू सुटत नाहीस. आपण दोघं एकाच बाकावर बसतो, एवढंच.

आता तुझ्या दुपारच्या पत्राबद्दल. १८५० च्या तडजोडीत एक कलम होतं, तू स्लाइडवर घेतलं नाहीस. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला परत पकडून द्यायला तिथल्या साध्या नागरिकानंही हातभार लावायचा. आसरा दिला तर शिक्षा. आणि पकडलेल्याला स्वतःच्या बाजूनं साक्ष द्यायची मुभा नाही. ज्यांना आतापर्यंत या भांडणाशी देणंघेणं नव्हतं, त्यांच्याही दारात ते कलम येऊन उभं राहिलं. अनेक शांत माणसं त्या दिवशी बिथरली. मी तशी शांतच मुलगी होते.

मी तिला टॅक्सीत बसवणार नाही. ती स्वतःहून येते म्हणते आहे, कारण कस्तुरी जेवली नसेल हे तिनं मी न सांगता ओळखलं. शनिवारी संध्याकाळी मी तिच्यासोबत येईन. पासपोर्ट तिच्या हातात दे आणि तिकीट काढ. नाहीतर सोमवारी सकाळी मी इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला फोन करून पासपोर्टचं सांगेन, आणि सेंगकांगचंही. तुझ्या घरचं जेवले आहे म्हणून आधी तुला सांगते आहे. आईचा फोन येऊन गेला. मी तुझं नाक कापते आहे म्हणाली. असेल.

मामा, मला हे करायला लावू नकोस. मला या देशात तुझ्याशिवाय कोणी नाही.

मैत्रेयी


पुंगोल,
२८ ऑगस्ट

चि. मैत्रेयी,

गणपतीला आली नाहीस. शनिवारी दारातूनच गेलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. विनीताला वाईट वाटलं. मला नाही.

तरी कळवतो. परवा सुमार्नीला विमानात बसवलं. सगळे विमानतळावर गेलो होतो. विनीताला तिनं मिठी मारली, कस्तुरीला तर सोडवत नव्हती. माझ्याकडे मात्र तिनं मान वर करून पाहिलंही नाही. भावना अनावर झाल्या की माणसाचं असं होतं.

काल आरतीनंतर मी जाहीर केलं, की बाप्पाच्या ऐन आगमनात आपली अडचण सोसून मी सुमार्नीला लेकीच्या लग्नाला पाठवलं आहे. सगळे गहिवरले. उर्मिलाताई म्हणाल्या, असा मालक मिळायला भाग्य लागतं. मोदक विनीतानं केले. निम्मे फुटले, उरलेल्यांना सहा-सात कळ्या होत्या. निशिकांतच्या बॉसनी ते चमच्यानं खाल्ले.

म्हणजे बघ, तू इतका थयथयाट केलास आणि शेवटी एकही गोळी न झाडता प्रश्न सुटला. तडजोडीनंच सुटला. पुढच्या व्याख्यानात हे उदाहरण घेणार आहे, नावं न घेता. ती दहा सप्टेंबरला येईल. तिच्या खोलीत नवी गादी घातली आहे, आणि खिडकी नाही म्हणून एक चांगला पंखा. आल्यावर खूश होईल.

शैलूमामा


क्लेमेंटी,
३ सप्टेंबर

शैलूमामा,

काल रात्री सुमार्नीचा व्हिडिओ कॉल आला होता. लग्न छान झालं, त्याचं चित्रीकरण तिनं दाखवलं. नवरी आईच्याच उंचीची आहे आणि आईला एक क्षण सोडत नव्हती. अंगणात सत्तर-ऐंशी माणसं जेवत होती आणि सुमार्नी खुर्चीवर बसली होती. मी तिला आजवर बसलेली पाहिलीच नव्हती, मामा. नुसती बसली होती, आणि कोणीतरी तिला वाढत होतं.

ती परत येणार नाही.

हे तुला मी सांगावं, असं तिनंच सांगितलं. तुमच्या भाषेत सांग म्हणाली, म्हणजे सर मीटिंगमधल्यासारखं इंग्रजी बोलणार नाहीत. गावात बहिणीची खानावळ आहे, तिथे ती बघणार आहे. मी तिला म्हटलं, मामानं नवी गादी घातली आहे. ती हसली. रागानं नाही. तू रागाची समजूत काढू शकला असतास, तुला ते येतं. म्हणाली, सर वाईट नाहीत. फक्त सर कधी विचारत नाहीत, सांगतात.

परत यायचं नाही, हे तिनं कधी ठरवलं माहीत आहे? क्लेमेंटीला आली तेव्हा नाही. तुम्ही मतदान घेतलंत त्या रात्री. "ओके सर" म्हणाली ना, तेव्हाच.

तुझ्या दहा स्लाइड्समध्ये न आलेली एक गोष्ट सांगते. युद्ध सुरू झालं, उत्तरेचं सैन्य जवळ आलं, आणि मळ्यांवरची माणसं एकेक करून निघून गेली. ज्या घरांत मालक शपथेवर सांगायचे की आमची माणसं आमच्यावर जीव टाकतात, त्या घरांतूनही गेली. तिथल्या मालक-मालकिणींची पत्रं मी तीन वर्षं वाचते आहे. त्यांत रागापेक्षा आश्चर्य जास्त आहे. आम्ही तर तिला घरच्यासारखं ठेवलं होतं, असं पानोपानी लिहिलंय. मला नेहमी वाटायचं, हे लोक ढोंगी असणार. काल तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. ते ढोंगी नव्हते, मामा. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तू मला विमानतळावर घ्यायला आला होतास तेव्हा माझी जड बॅग तूच उचलली होतीस. तुझ्यावर माझा जीव आहे. म्हणूनच इतकं लांबलचक लिहिलं.

मैत्रेयी


पुंगोल,
५ सप्टेंबर

चि. मैत्रेयी,

तुझं पत्र विनीतालाही वाचून दाखवलं. तिनं फोन माझ्या हातून घेऊन ते स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, आहेर तरी पाठवू या. काल संध्याकाळी लिटल इंडियात जाऊन सोन्याचं छोटंसं पदक आणलं.

रात्री पाकिटावर नवरीचं नाव घालायला बसलो. तुझ्या मामीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघत होती. सहा वर्षं आम्ही 'युवर डॉटर, युवर डॉटर' म्हणत आलो. हाऊ इज युवर डॉटर, असं मी दर दिवाळीला आठवणीनं विचारायचो.

कस्तुरीला नाव माहीत आहे. तिला विचारलं. पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "पापा, यू आस्क हर युवरसेल्फ, लाह." मी आवाज चढवला नाही. चढला नाही, असं म्हण.

सुमार्नीचा इथला फोन बंद आहे. तिकडचा नंबर तुझ्याकडे असेल. तो मला दिलेला चालेल का, हे आधी तिला विचारशील? ती हो म्हणाली, तरच दे.

शैलूमामा